निळा दात

मी समीक्षक नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. बी.कॉम. झालेल्या माणसानं समीक्षा लिहायला घेतली, की वाचकाला धास्ती वाटते, हा आता शेवटी बेरीज मारून खाली दोन रेघा ओढणार. तशी भीती बाळगू नका. बँकेत बावीस वर्षं कारकुनी केल्यावर माझा बेरजेवरचा विश्वास बराच कमी झाला आहे.

शिवाय एक मुद्दा माझ्या बाजूचा आहे. कवितासंग्रहाची समीक्षा तो न वाचता करता येते. किंबहुना वाचल्यावर ती करणं जड जातं, असं आमच्या ओळखीचे एक जाणकार खाजगीत सांगतात. मी ज्या वस्तूबद्दल लिहिणार आहे ती मात्र वाजवल्याशिवाय तिच्याबद्दल एक ओळ लिहिता येत नाही. आणि ती आमच्या घरी गेला अख्खा पावसाळा वाजली आहे. म्हणजे वाजली नाही ते दिवसही त्यात धरून.

समीक्षेच्या शिस्तीप्रमाणे आधी तपशील देतो. विषय : घरातल्या जुन्या स्टिरिओला आणि टीव्हीला बिनतारी आवाज जोडून देणाऱ्या, काड्यापेटीएवढ्या दोन ब्लूटूथ डब्या. प्रकाशनस्थळ : चीन. लेखक : अनाम. मुखपृष्ठ : काळं, त्यावर एक निळा दिवा. मूल्य : प्रत्येकी हजाराच्या आत. अर्पणपत्रिका नाही. प्रस्तावना आहे, पण ती अशा इंग्रजीत आहे की लिहिणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं आणि सांगणाऱ्याला डबी माहीत नव्हती, एवढंच तिच्यातून निःसंदिग्धपणे कळतं.

आता ज्या मूळ संहितेला ही पुरवणी जोडायची होती, तिच्याकडे वळू. ती म्हणजे आमच्या नानांचा स्टिरिओ.

नाना म्हणजे माझे वडील. गगनबावड्याच्या एसटी स्थानकावर एकवीस वर्षं वाहतूक नियंत्रक. 'कोल्हापूरकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे' हे वाक्य त्यांनी जेवढ्या वेळा म्हटलं असेल तेवढ्या वेळा कोणी रामनाम घेतलं असतं, तर त्याला विमान न्यायला आलं असतं. १९८७ साली, काही थकबाकी एकदम हातात पडली तेव्हा, त्यांनी कोल्हापुरातून हा स्टिरिओ घेतला. एक अ‍ॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक, एक तबकडी वाजवायचं यंत्र आणि कपाटाच्या खणाएवढे दोन लाकडी स्पीकर. मी सात वर्षांचा होतो. डावा स्पीकर माझ्या मांडीवर होता. कंडक्टर म्हणाला, "नाना, ऱ्हाऊ दे की लगेज. घरचंच हाय." नानांनी दोन्ही स्पीकरांचं लगेज तिकीट फाडायला लावलं आणि ते तिकीट पुढे कित्येक वर्षं अ‍ॅम्प्लिफायरच्या खाली जपून ठेवलं होतं. पावती म्हणून नव्हे, दाखला म्हणून.

त्या सेटला हात लावायचा अधिकार घरात फक्त नानांना होता. आई धूळ पुसायची, पण नाना ड्यूटीवर गेल्यावर.

ज्यांनी गगनबावडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं नेपथ्य सांगतो. हे गाव कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी ओठावर आहे. इथून करूळ घाट खाली वैभववाडीला उतरतो आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. वर गगनगड, गडावर गगनगिरी महाराजांचा मठ, गावात पंत अमात्यांचा वाडा आणि या सगळ्यावर पाऊस. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. मिलिमीटरात सांगितलं की अंगावर येत नाही. माझ्या उंचीचे तीन कारकून एकमेकांच्या खांद्यावर उभे केले, तर वरच्याच्या टोपीवरून पाणी जाईल. ढग इथे आकाशात नसतात, ते सोप्यात येऊन बसतात. मिठाच्या बरणीत पाणी, आगपेटीत लगदा, आणि शर्ट वाळला असं वाटलं तर तो दुसऱ्याचा आहे असं समजावं.

अशा हवेत कॅसेट जगत नाही. कॅसेट ही वस्तू १९६३ साली युरोपात जन्मली. तिकडेही पाऊस पडतो म्हणतात, पण ज्यांनी ती काढली त्यांनी जुलैत गगनबावड्याला मुक्काम केलेला नसावा. तिच्या फितीवर पांढरी बुरशी धरते आणि भीमसेन जोशी घोंगडी पांघरून गायल्यासारखे वाटू लागतात. नाना उन्हाळ्यात कॅसेटी पापडांसारख्या वाळत घालायचे. शेवटी डेकच्या आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला. कोल्हापूरचा मेकॅनिक म्हणाला, "सायेब, ह्यो पट्टा आता न्हाई गावायचा. डेक ठेवा देव्हाऱ्यात." तबकडीच्या यंत्राची सुई त्याआधीच गेली होती. राहिला तो अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. म्हणजे घसा शाबूत, पण बोलायला काही नाही.

त्याच सुमारास नानांचे कान गेले.

'गेले' हा शब्द आमच्या घरात वापरायचा नाही. नानांच्या मते हल्लीचे निवेदक तोंडात सुपारी धरून बोलतात. यात थोडं शास्त्र आहे. म्हातारपणी कान जातात ते आधी वरच्या पट्टीतून. स, श, फ, थ ही बारीक अक्षरं आधी गळतात. आवाज येतो, शब्द येत नाही. 'साखर' म्हटलं की 'आखर' ऐकू येतं आणि माणूस म्हणतो, ओरडतोस कशाला, नीट बोल. कानाचं यंत्र घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाना म्हणाले, "बहिऱ्यांनी घ्यावं."

मग टीव्हीचा आवाज बावीसवरून तीसवर, तीसवरून बेचाळीसवर गेला. चिरंजीवांची दहावी होती. हिचं डोकं दुखायचं. एका रात्री मी जरा चढ्या आवाजात 'नाना, कमी करा' म्हटलं आणि ते त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून नाना टीव्हीसमोर बसायचे बंद झाले. सोप्यातल्या खुर्चीत, धुक्याकडे तोंड करून. काही विचारलं तर 'हूं'. त्या 'हूं'ची समीक्षा मला करता येणार नाही.

चिरंजीवांनी सुचवलं, स्टिरिओ भंगारात देऊ आणि आजोबांना नवा स्पीकर घेऊ. नवा म्हणजे डालड्याच्या डब्यासारखा दिसतो तो. मी त्याला लगेज तिकिटाची गोष्ट सांगितली. त्यावर त्यानं मोबाइलमध्ये दोन मिनिटं खाटखूट केलं आणि म्हणाला, "मग ब्लूटूथची डबी लावा ना मागे."

आता थोडं या नावाबद्दल. नावावरून ही वस्तू दंतवैद्यकाशी संबंधित असावी असा माझा बरेच दिवस समज होता. खुलासा असा, की दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता आणि त्याला 'निळा दात' असं टोपणनाव होतं. भांडणाऱ्या टोळ्यांना त्यानं एकत्र आणलं. १९९७ साली वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून खटपट चालू होती, तेव्हा इंटेल कंपनीतल्या जिम कार्डाक नावाच्या इंजिनिअरनं या राजाचं नाव सुचवलं. चांगलं नाव सापडेपर्यंत तात्पुरतं. पुढे चांगलं नाव सापडलंच नाही. हंगामी म्हणून लागलेला माणूस कायम होऊन साहेब होतो, हे आम्हाला नवीन नाही. डबीवरची ती खूण म्हणजे या राजाच्या नावाची जुन्या लिपीतली दोन आद्याक्षरं एकात एक गुंफलेली आहेत.

आतली करामत तर खास आमच्या खात्यातली वाटते. ही डबी आणि मोबाइल ज्या लहरींवर बोलतात त्याच पट्ट्यात वायफाय आणि ओव्हनही गर्दी करून असतात. त्या गर्दीत कोणी अडवू नये म्हणून त्या पट्ट्याचे एकोणऐंशी कप्पे केले आहेत, आणि मोबाइल व डबी एकमेकांशी संगनमत करून सेकंदाला सोळाशे वेळा कप्पा बदलतात. सेकंदाला सोळाशे बदल्या! आमच्यात तीन वर्षांत एक बदली झाली तर युनियनकडे जातात. या जातीची कल्पना १९४२ साली हेडी लामार या हॉलिवूडच्या नटीनं आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकारानं पेटंट करून ठेवली होती. शत्रूनं पाणतीराचा संदेश पकडू नये म्हणून. त्यांचे कप्पे अठ्ठ्याऐंशी होते, पियानोच्या पट्ट्या असतात तितके. देखण्या नटीला अक्कल असते, हे पटायला जगाला पुढे पन्नासेक वर्षं लागली.

असो. डबी आली. इथून खऱ्या समीक्षेला सुरुवात.

पहिला दोष आकृतिबंधाचा. डबीला दोन शेपट्या होत्या, एक लाल आणि एक पांढरी. नानांच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे तशी दोन भोकं होती, पण ती तबकडीच्या यंत्राची. मी बिनदिक्कत शेपट्या त्यात खुपसल्या आणि बटण दाबलं. जो आवाज आला त्यानं समोरच्या घरातली माणसं दरड कोसळली म्हणून बाहेर आली. कारण मागून कळलं. तबकडीच्या सुईतून येणारा प्रवाह अगदी किरकोळ, चार-पाच मिलिव्होल्टचा. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर त्या भोकातून जे येईल ते आधी शंभरपट फुगवून घेतो आणि त्यातला खर्ज आणखी चढवतो. डबीचा माल मुळातच शंभरपट जाडा. चिल्लर मोजायच्या खिडकीत पाचशेच्या नोटांचं पोतं ओतल्यासारखं झालं. वाचकांपैकी कोणी हा उद्योग करणार असेल तर 'फोनो' लिहिलेल्या भोकाच्या वाटेला जाऊ नका. 'टेप' किंवा 'ऑक्स' शोधा.

टेपचं भोक होतं. पण ते एकच, गोल, आणि त्यात पाच छिद्रं. आपल्याकडच्या त्या काळच्या पुष्कळ सेटांना हे जर्मन पद्धतीचं पंचमुखी भोक असायचं. लाल-पांढऱ्या शेपट्या त्यात शिरत नाहीत. पुन्हा कोल्हापूर, पुन्हा तोच मेकॅनिक. डेक देव्हाऱ्यात बसवल्याबद्दल त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि ड्रॉवर उपसून एक पाच पिनांचा डोक्याएवढा जुना प्लग काढला. डोक्याएवढा म्हणजे पिनेच्या नव्हे, बाहुलीच्या. "तीन नंबरला डावा, पाच नंबरला उजवा, दोन नंबर अर्थिंग. एक आणि चारला हात लावायचा न्हाई, ती रेकॉर्डिंगची जावक हाय." आवक आणि जावक! सबंध जगाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये मला कळलेले हे पहिले दोन शब्द. साठ रुपयांत काम झालं.

घरी आणून लावलं, तर गाण्यामागे एक अखंड घूं. नाना असते तर म्हणाले असते, तंबोरा लागला आहे. डबीला वीज मिळत होती ती चार्जरमधून आणि अ‍ॅम्प्लिफायरला भिंतीतून. दोघांच्या जमिनीत काही वाद होता. जमिनीचे वाद मिटत नाहीत, म्हणून मी एका पक्षाला वेगळं काढलं. डबी पॉवर बँकेवर लावली. घूं बंद.

नानांना मी काही सांगितलं नव्हतं. सेटचं निळसर काचेचं तोंड पुष्कळ वर्षांनी उजळलं, तेव्हा ते सोप्यातून उठून दारात येऊन उभे राहिले. मी गीतरामायण लावलं. मुळात १९५५-५६ साली पुण्याच्या आकाशवाणीवरून आठवड्याला एक या हिशेबानं छप्पन्न गीतं झाली, ती अर्ध्या महाराष्ट्राला क्रमानं पाठ आहेत. आमच्या मोबाइलला हा क्रम मान्य नसावा. तो 'सरमिसळ' या कलमावर होता. रामजन्माच्या आधी सीता वनात गेली, मध्येच एक वैयक्तिक कर्जाची जाहिरात लागली, आणि लगेच सेतू बांधायला घेतला. कर्ज मंजूर झालं असावं.

नाना जवळ आले. खर्जाचं बटण जरा कमी केलं, वरच्या पट्टीचं पुरतं उजवीकडे फिरवलं. ते बटण त्यांच्या बोटांना न बघता सापडलं. मग म्हणाले, "शब्द येतायत."

इथे ध्वनिशुद्धतेच्या पंडितांनी हरकत घ्यायची आहे, ती मीच घेऊन टाकतो. सीडीवरून सेकंदाला १४११ किलोबिट माल येतो. ही साधी डबी जी पद्धत वापरते तिच्यात तो पिळून पिळून जास्तीत जास्त सव्वातीनशेच्या आसपास येतो. रुपयाचा माल चार आण्यांत बसवलेला. जे काढून टाकलं ते कानाला सहसा कळत नाही, असं काढणाऱ्यांचं म्हणणं. चिरंजीवांच्या मित्राला ते कळतं. त्याला मी जुलै महिन्यात पत्र्याच्या घरात ऐकायला बोलावलं आहे. आमच्याकडे दर सेकंदाला आभाळातून जो माल येतो त्याचे किलोबिट अजून कोणी मोजलेले नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे कान, अडतीस वर्षांचे स्पीकर आणि वर पत्रा. यात चार आणे की रुपया हा वाद मला रिकामटेकडा वाटतो. ते जुने लाकडी खोके डालड्याच्या डब्यापेक्षा कितीतरी भरीव बोलतात, आणि डबीचं सगळ्यात मोठं श्रेय हेच, की ती स्वतः मध्ये मध्ये करत नाही.

पण तिचा स्वभाव बरा नाही. जुन्या सेटचा मालक एक होता. डबीला मालक नाही. जो शेवटी जोडला गेला तो तिचा धनी. घरातले सगळे मोबाइल ती लक्षात ठेवते आणि त्यातला कोणी दहा मीटरच्या आत आला की त्याच्या गळ्यात पडते. नाना अभंग ऐकत असावेत आणि चिरंजीव शिकवणीहून यावेत, की विठ्ठलाच्या जागी एकाएकी कोणी पंजाबी ढोल बडवू लागतो.

माझ्यावरही प्रसंग आला. श्रावणातला शनिवार होता. मी घरी सांगून ठेवलं होतं, की उद्या रविवार असला तरी ऑडिटसाठी कोल्हापूरला जावं लागेल. आमच्या एका सहकाऱ्याचा बोलका निरोप मोबाइलवर आला. मी शहाण्यासारखा मागच्या पडवीत गेलो, मोबाइल कानाला लावला आणि बटण दाबलं. काही ऐकू येईना. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. तेवढ्यात ही आतून आली. तिच्या चेहऱ्यावरून मला उलगडा झाला. सोप्यात त्या दोन भरीव लाकडी खोक्यांतून, वरची पट्टी पूर्ण उजवीकडे, तीन वेळा घोषणा झाली होती : "घरी ऑडिट म्हणून सांगितलंस ना? मग दहाला ये. तांबडा-पांढरा माझ्याकडून." त्या काळात नानांना ज्यातला शब्द न् शब्द ऐकू आला असा हा पहिला गद्य मजकूर. ते एवढंच म्हणाले, "हा निवेदक स्वच्छ बोलतो."

नानांची स्वतःची तक्रार वेगळीच निघाली. सकाळच्या बातम्यांवर घड्याळ लावायची त्यांची जुनी सवय. एसटीतल्या माणसाला मिनिटाची किंमत असते, निदान नानांच्या पिढीत होती. मी मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून आकाशवाणी लावून दिली. तीन दिवस नाना काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. "बातम्या लेट सुटतायत." लेटच होत्या, चांगल्या कित्येक सेकंदांनी. त्यात आकाशवाणीचा दोष नाही. इंटरनेटवरून येणारा आवाज वाटेत अडखळू नये म्हणून मोबाइल आधी थोडा साठा करून घेतो आणि मग वाजवतो, म्हणजे ऐकणारा तेवढा मागे राहतो. हे मी समजावून सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे गाडी भरल्याशिवाय सोडत नाहीत. वडापवाले." बिनतारी युगावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. तेव्हापासून बातम्या जुन्या ट्रान्झिस्टरवर आणि गाणी डबीवर अशी वाटणी झाली.

राहिला टीव्ही. खरी परीक्षा तिथे होती. स्टिरिओमुळे नाना घरात परत बोलू लागले होते, पण रात्री आम्ही सगळे टीव्हीपुढे आणि ते सोप्यात, हे चालूच होतं. मी दुसरी तशीच डबी आणि बिनतारी हेडफोन घेतले. दोन संध्याकाळी खटपट केल्यावर ध्यानात आलं, की मी पुन्हा आवकचीच डबी आणली आहे. स्टिरिओला मोबाइलकडून आवाज घ्यायचा असतो, टीव्हीला हेडफोनकडे द्यायचा असतो. तिथे जावकची डबी लागते. दिसायला दोघी जुळ्या. बदलून आणली.

ती टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावली आणि टीव्ही मुका झाला. त्या भोकात काही घातलं की बऱ्याच टीव्हींचे स्वतःचे स्पीकर बंद पडतात. नानांना एकट्याला ऐकू यायचं आणि आम्ही चौघे मूकपट पाहायचो. म्हणजे अन्यायाची फक्त दिशा बदलली. मग मागे लाल-पांढऱ्या रंगाची 'ऑडिओ आउट' भोकं सापडली. त्यातून घेतलं की टीव्हीही बोलतो आणि हेडफोनही. टीव्ही वीसवर, नाना आपल्या पट्टीत. दोन वर्षांनी आमच्याकडे पाचही माणसं एका खोलीत बसून एकाच वाहिनीवर वैतागली.

पण डबीचा गाभ्यातला दोष इथेच उघडा पडला. आवाज पिळायचा, धाडायचा, पलीकडे पुन्हा उलगडायचा, यात वेळ जातो. फार नाही, साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा. गाण्याला त्यानं बिघडत नाही. चित्राला बिघडतं. टाळ आधी आपटतात, मागून वाजतात. नाना म्हणाले, "हा मनुष्य आधी तोंड हलवतो आणि मग बोलतो. आमच्याकडे काही अधिकारी असे होते, पण ते मागूनही बोलत नसत." टीव्हीत शोधल्यावर 'आवाजाचा विलंब' असं एक कलम सापडलं. ते वापरून आवाज आणखी उशिरा करता येतो. उशिरा येणाऱ्याला जास्त उशीर करायची सोय आहे, चित्राला थांबवून ठेवायची नाही. हा विलंब पुष्कळ कमी करणाऱ्या डब्या मिळतात, पण त्यांना त्याच जातीचे हेडफोन लागतात. दोन्हीकडची जात जुळावी लागते. किंमतही हुंड्यासारखी.

मला हे मनाला लागलं. एवढी यातायात करून नानांना पुन्हा माणसांत आणलं, ते एक पाऊल मागे. आम्ही हसलो की त्यांचा चेहरा जरासा नंतर उजळायचा. ही म्हणाली, तुमचं काहीतरीच. एका रात्री झोप येईना म्हणून मी पासबुकाच्या मागे हिशेब मांडला. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे सुमारे सत्तर मीटर. म्हणजे नाना आमच्या शेजारी सोफ्यावर बसलेले असले, तरी कानानं ते टीव्हीपासून सत्तर मीटरवर बसले होते.

सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना हे मोठ्यानं समजावून सांगितलं. नवे महागडे हेडफोन घ्यावेत असं माझ्या मनात होतं. नानांनी कप खाली ठेवला.

"सत्तर मीटर म्हणजे आमच्या कंट्रोल केबिनीपासून घाटाच्या वळणापर्यंत," ते म्हणाले. "तिथे गाडी उभी असायची ना, तर कंडक्टरनं दोरी ओढलेली आधी दिसायची. घंटी मागून यायची. एकवीस वर्षं तसंच ऐकलंय. पैसे घालवू नकोस."

आणि मग, आत हाक मारून, "आज रात्री मॅच किती वाजता आहे रे?"